पिटकेर्न बेट: पन्नासच्या आत माणसं, जगतात कशावर?

टपालकन्या_सातारा

नमस्कार मंडळी. बाबा जाऊन वर्ष झालं, त्यांचे तिकिटांचे अल्बम उघडायचं धैर्य आता कुठे झालं. एक अख्खं पान पिटकेर्न बेटांच्या तिकिटांचं निघालं. नकाशात शोधलं तर न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या पाण्यात एक ठिपका. बेट ब्रिटनचं, विमानतळ नाही, वस्ती पन्नासच्या आत. आमच्या वाड्यात एके काळी याहून जास्त माणसं राहायची. कुठे वाचलं की ही माणसं ब्रिटनच्या मदतीवर जगतात, कुठे वाचलं की क्रूझच्या प्रवाशांवर. खरं काय? इथे बोटीवर काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

बोटवाला_दाभोळ

ताई, दोन्ही खरं. गाव चालतं मदतीवर, आणि घरातल्या डब्यात रोकड पडते ती क्रूझमुळे.

मी क्रूझवर स्टोअर सांभाळायचो. दोन वेळा पिटकेर्नला गेलो, पण बेटावर पाय एकदाही ठेवला नाही. मोठी बोट लागेल असा धक्काच तिथे नाही. बाउंटी बे म्हणतात ती एवढीशी खाडी, तिथून चढ चढून वर ॲडम्सटाउन. आपली बोट लांब उभी राहते आणि बेटावरची माणसं ॲल्युमिनियमच्या लाँगबोटी घेऊन येतात. माझी आजी सांगायची, मुंबईची आगबोट दाभोळच्या बाहेर थांबायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं वर चढवायचे. मला तेच आठवलं.

पहिल्या खेपेला समुद्र शांत होता. जवळपास निम्मं गाव आमच्या बोटीवर आलं. त्यात सत्तरीच्या पुढच्या दोन बायका होत्या. खाली लाँगबोट वरखाली होत होती आणि त्या दोराच्या शिडीला हात घालून सरळ वर आल्या. तासाभरात पोहण्याच्या तलावाशेजारी टेबलं मांडली. लाकडात कोरलेले शार्क, डॉल्फिन, बाउंटी जहाजाच्या (त्यावर बंड करून इथे आलेल्या खलाशांचेच हे वंशज) प्रतिकृती, मधाच्या बाटल्या, टी-शर्ट, तिकिटं. प्रवाशांच्या पासपोर्टवर शिक्काही मारून देतात. ते लाकूड मिरो नावाच्या झाडाचं. पिटकेर्नवर ते जवळजवळ संपलं म्हणून सुमारे 200 किलोमीटरवरच्या निर्मनुष्य हेंडरसन बेटावर जाऊन तोडून आणतात. एक शार्क टेबलावर येण्याआधी एवढा प्रवास झालेला असतो. मी घासाघीस केली नाही, सांगितली ती किंमत दिली.

जाताना आम्ही पीठ, कांदे, बटाटे उतरवून दिले. लाँगबोटी सुटल्यावर त्यांनी निरोपाचं गाणं म्हटलं. वर रेलिंगला हजारभर माणसं, पण आवाज म्हणून नव्हता.

दुसऱ्या खेपेला स्वेल, म्हणजे लांबून येणारी लाट, मोठा होता. कप्तानाने दोन तास वाट पाहिली, बेटाला एक फेरी मारली आणि निघालो. लाँगबोट खाडीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरली, दुर्बिणीतून मला दिसली. टेबलावर मांडायचा सगळा माल त्यात असणार, कित्येक महिन्यांची कोरणावळ. कप्तानाचं काही चुकलं नाही, त्या लाटेत शिडीवर माणूस घेणं म्हणजे जीव घालवणं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

केदार_ऑकलंड

वरच्या दादांनी मनापासून लिहिलंय. मी मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, म्हणून मदतीच्या बाजूचं लिहितो.

बेटाचं सामान न्यूझीलंडच्या टाउरंगा बंदरातून जातं. माणसं जातात ती ताहितीहून विमानाने मांगारेवा बेटावर आणि तिथून पुढे बोटीने दीड-दोन दिवस. ही बोट ब्रिटनच्या पैशावर चालते. डॉक्टर बाहेरून कराराने येतो, त्याचा खर्चही तिकडचाच. बेटावरचा जवळजवळ प्रत्येक धडधाकट माणूस सरकारी काम करतो, अनेक जण एकापेक्षा जास्त, थोड्या थोड्या तासांची. रस्ता, वीजघर, टपाल, बोटी. म्हणजे मदत घरी येते ती पगार होऊन. याला कुणी भीक म्हटलं की मला राग येतो. ती लाँगबोट हाकायला दुसरं कोण आहे तिथे?

एक गोष्ट मात्र झाकू नये. 2004 मध्ये मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांचा खटला बेटावरच चालला, सहा पुरुष दोषी ठरले. त्या मुलींनी वर्षानुवर्षं जे सोसलं ते आधी, बेटाचं अर्थकारण नंतर. बाहेरची माणसं तिथे राहायला फारशी येत नाहीत, जमीन फुकट देऊ केली तरी. त्याला अंतर कारण आहे आणि हेही.

टपालकन्या_सातारा

दोघांचे आभार. खटल्याचं माहीत नव्हतं, वाचून सुन्न झाले. एक विचारू का? इतकी मदत येते तर चांगला धक्का का बांधत नाहीत? आणि कोविडमध्ये काय झालं?

बोटवाला_दाभोळ

बेट जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर, चहूकडून कडे. युरोपीय संघाच्या पैशातून दुसऱ्या बाजूला टेडसाइडला उतरायची जागा केली, म्हणजे एका बाजूला लाट असली तर दुसरीकडून प्रयत्न करता येतो. ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि तो झरा आटला. कोविडमध्ये दोन वर्षं प्रवासी बंद. सामानाची बोट येत राहिली, म्हणून कुणी उपाशी राहिलं नाही, पण कोरलेलं लाकूड घरात पडून. मदत आणि क्रूझ यांतला फरक तेव्हा अगदी उघडा पडला.

त्यांना हे नवीन नाही. 1914 ला पनामा कालवा उघडला आणि न्यूझीलंडला जाणारी प्रवासी जहाजं बेटाजवळून जायला लागली. तेव्हाही हेच, फळं आणि कोरीवकाम घेऊन होडीतून जायचं. मग लोक विमानाने जायला लागले आणि ती जहाजं थांबली.

आणि ताई, तुमचा अल्बम यात आहे बरं का. पिटकेर्नने पहिली तिकिटं काढली 1940 साली. जगभरच्या संग्राहकांनी इतकी घेतली की त्या पैशातून बेटावर शाळा उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षं सरकारी खर्च भागला. छंद ओसरला, गंगाजळी संपली, आणि मग या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनला दरवर्षी पैसे द्यायची वेळ आली.

टपालकन्या_सातारा

आत्ता पान काढून बसलेय. पहिल्या ओळीत राजा सहावा जॉर्ज आणि संत्र्यांचा घोस असलेलं तिकीट आहे, खाली बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने ‘1940’. तो बाटलीतला मध बाहेरगावी पाठवतात का हो? पाठवत असतील तर मला मागवायचाय.

केदार_ऑकलंड

पाठवतात. बेटाच्या टपालातून बोटीने निघतो, महिने लागतील. भारतात कस्टमचं काय ते आधी विचारून घ्या. नाहीतर माझ्या पत्त्यावर मागवा, डिसेंबरात पुण्याला येतोय.