ब्रिटनमधील मुलगा खर्च उचलणार असल्यास भेटीच्या व्हिसासाठी काय लागते?

प्रश्न (रावेर): मँचेस्टरला नोकरी करणारा आमचा मुलगा केळीची कापणी आटोपल्यावर आम्हा उभयतांना तीन आठवड्यांसाठी बोलावतो आहे आणि सारा खर्च तोच करणार आहे. आमचे उत्पन्न शेतीचेच असल्याने प्राप्तिकराचे विवरणपत्र कधी भरलेले नाही. त्याचे पत्र पुरेसे होईल का?

उत्तर (जळगाव): पत्र हवेच, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नका. मुलाने नाते, मुक्कामाचा पत्ता आणि आपण कोणता खर्च करणार हे स्पष्ट लिहून वेतनचिठ्ठ्या, बँकेचे उतारे व तेथील कायदेशीर वास्तव्याचा पुरावा जोडावा. तथापि तुम्ही परत येणार याची खात्री अधिकाऱ्याला तुमच्याच कागदांवरून पटावी लागते, आणि तेथे सातबारा, केळीच्या विक्रीपट्ट्या व त्या रकमा खात्यात आल्याच्या नोंदी उपयोगी पडतात. मराठी सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर जोडताना त्यावर अनुवादकाचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि अचूकतेची ग्वाही असू द्या.

उत्तर (भुसावळ): दोघांचे अर्ज स्वतंत्र असतात आणि प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी ते करता येत नाहीत. अर्जाच्या तोंडावर उसनवारीने खाते फुगवण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो मानू नका, कारण उगम न सांगता येणारी मोठी रक्कम संशयच वाढवते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पट्ट्या व्यापाऱ्याकडून आजच मागवतो.