रविवारच्या शिबिरातले ‘प्रगत हृदय पॅकेज’ घ्यावे का?

सचिव: नमस्कार. रविवारी क्लबहाउसमध्ये होणाऱ्या रक्ततपासणीसाठी लॅबने नेहमीच्या लिपिड प्रोफाइलसोबत (रक्तातील चरबीची तपासणी) ‘प्रगत हृदय पॅकेज’ही देऊ केले आहे आणि साठीपुढील बऱ्याच सभासदांनी ते घ्यावे का, असे विचारले आहे. बी-३०१ चे काका पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेले आहेत; त्यांनी आणि सी-५०३ च्या डॉक्टरताईंनी मत द्यावे, ही विनंती.

बी-३०१: पैसे भरण्याआधी प्रत्येकाने कपाटातला जुना रिपोर्ट काढून एक वजाबाकी करावी. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, वजा केले की उरतो तो नॉन-एचडीएलचा आकडा, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचू शकणाऱ्या सगळ्या कणांमधले कोलेस्टेरॉल. पुष्कळ रिपोर्टांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, प्रत्यक्ष मोजलेले नसते. १९७२ सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राने ते हिशेबाने काढलेले असते आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा आणखी एक प्रकार) जितके वाढतात तितका तो हिशेब डळमळीत होतो.

ए-२०४: भाऊजी, माझा रिपोर्ट असा आहे : एकूण १८८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड्स २४०, एलडीएल १०४. मधुमेहाची गोळी चालू आहे. एलडीएल शंभराच्या आसपास म्हणजे ठीकच ना?

बी-३०१: वहिनी, १८८ मधून ३६ गेले की १५२ उरतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मधुमेहासारखी जास्त जोखीम असणाऱ्यांचे एलडीएल ७० च्या आत आणि नॉन-एचडीएल १०० च्या आत असावे. छापील रकान्यातली ‘नॉर्मल’ची मर्यादा सर्वांसाठी एकच असते, ती तुमची साखर पाहून ठरवलेली नसते.

सी-५०३: काकूंसारख्या रिपोर्टांसाठीच ॲपो-बी ही तपासणी उपयोगी पडते. एलडीएल, व्हीएलडीएल यांसारख्या प्रत्येक घातक कणावर ॲपो-बी प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे ॲपो-बी मोजणे म्हणजे कणांची संख्याच मोजणे होय. मधुमेहात, किंवा पोटाचा घेर वाढून ट्रायग्लिसराइड्स चढलेले असताना, कण लहान पण संख्येने जास्त असतात. प्रत्येकात कोलेस्टेरॉल थोडेच असल्याने एलडीएलचा आकडा सभ्य दिसतो. ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स आणि साखर दोन्ही आटोक्यात आहेत, त्यांना नॉन-एचडीएल सहसा पुरेसे आहे.

दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-ए ही, म्हणजे एलडीएलसारख्याच एका घातक कणाची. ती मात्र मी प्रत्येकाला आयुष्यात एकदा करायला सांगेन, तरुण मुलांनाही. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हा कण शोधला. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे अनुवंशिकतेने ठरते आणि दक्षिण आशियाई लोकांमध्ये ती युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने जास्त आढळते. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावे.

डी-१०२: रोज अनशापोटी लसूण खाल्ल्याने हे लायपोप्रोटीन-ए उतरते, असा मेसेज फिरत आहे. खरे आहे का?

सी-५०३: नाही. आहाराने किंवा चालण्याने ते फारसे हलत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीनेही उतरत नाही. ते कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. म्हणून आकडा जास्त आला तर हाताशी असलेले बाकीचे सगळे, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू, अधिक कडक सांभाळायचे. पॅकेजमध्ये ही तपासणी दरवर्षी असेल तर तो खर्च वाया आहे.

बी-३०१: शरीरातली सूज दाखवणारी एचएस-सीआरपी ही तपासणीही त्या पॅकेजच्या यादीत आहे. सर्दी, ताप, हिरड्यांची सूज यांनीही ते वाढते, तेव्हा सध्या खोकला असलेल्यांनी ते रविवारी देऊ नये.

ई-४०१: डॉक्टरताई, आईचे वय ८१ आहे. अँजिओप्लास्टीनंतर स्टॅटिन चालू आहे. आता या वयात ती गोळी बंद करावी, असे नातेवाईक म्हणतात.

सी-५०३: हृदयविकार आधीच झालेला असताना गोळी केवळ वयामुळे बंद करत नाहीत, आणि स्वतःहून तर मुळीच करू नये. स्नायू दुखणे, अशक्तपणा, इतर औषधांची गर्दी असे काही असेल तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना सांगून डोस बदलता येतो. पंच्याहत्तरीनंतर, पूर्वी काहीच झालेले नसताना, नव्याने स्टॅटिन सुरू करावे का, हा प्रश्न वेगळा आहे. तिथे पुरावा अजून अपुरा आहे आणि निर्णय माणूस पाहूनच घ्यावा लागतो.

सचिव: तर मग ‘प्रगत’ पॅकेज सरसकट न घेता ॲपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए सुट्या दराने मिळतील का, हे मी लॅबला विचारतो. नावे शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्यावीत आणि जुने रिपोर्ट सोबत आणावेत.