पाइप न लावता गाडी धुताना रंगावर चरे पडू नयेत म्हणून : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. बोअरचे पाणी खाली गेल्यापासून आपल्याला रोज टँकर मागवावे लागत आहेत, हे आपण जाणताच. काल मी वाहनतळातील नळाला पाइप लावून २० लिटरची बादली भरून पाहिली. ती १ मिनिट २० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर पाणी. पाइप सुरू ठेवून १० मिनिटे गाडी धुतली, तर एका गाडीमागे १५० लिटर पाणी गटारात जाते. त्यामुळे सोमवारपासून पाऊस स्थिरावेपर्यंत या नळाला पाइप लावता येणार नाही. बादलीने पाणी घेण्यास मनाई नाही.

ए-६०५ : निर्णयास माझा पाठिंबा आहे. माझी मुलगी बेंगळुरूला राहते. मार्च २०२४ मध्ये तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला होता. आपल्यावर तशी वेळ येण्याआधी आपणच हात आवरलेला बरा.

ए-२०४ : निर्णय मलाही मान्य आहे, पण एक शंका विचारते. आमची गाडी काळ्या रंगाची आहे आणि घेऊन जेमतेम आठ महिने झाले आहेत. परवा रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली उभी केली, तेव्हा बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसले आणि फार वाईट वाटले. महिन्यातून दोनदा पाइपने धुऊनही ही अवस्था, तर आता पाणी न ओतता नुसती पुसली तर धूळच रंगावर घासली जाणार नाही का?

बी-७०३ : ताई, तुमची भीती रास्त आहे. मी तीन वर्षांपासून पाणी न ओतता, म्हणजे ज्याला रिन्सलेस वॉश म्हणतात त्या पद्धतीने गाडी धुतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीवरचे चरे महिन्यातून दोनदा पाइपने धुतल्यामुळे थांबले नाहीत, कारण ते उरलेल्या अठ्ठावीस दिवसांच्या रोजच्या कोरड्या-ओल्या पुसण्याने पडत होते. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ अशा थराला आपण रोज फडके लावतो. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू असल्यामुळे आपल्याकडच्या धुळीत वाळू आणि कचखडी आहे. वाळूतले क्वार्ट्झ खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोहस श्रेणीवर ७ व्या क्रमांकावर येते आणि काचेवरही चरा पाडते, मग क्लिअर कोटची काय कथा. आणखी एक गोष्ट सांगतो. ते चरे मुळात गोल नसतात. सर्व दिशांना गेलेल्या बारीक सरळ रेघांपैकी दिव्याच्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळे विणल्यासारखे दिसते. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही तितकेच चरे असतात, फक्त ते डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

सी-१०१ : मग या पद्धतीत धूळ जाते कुठे? आम्ही बादलीत थोडा शाम्पू टाकून पुसले, तर तेच झाले की नाही?

बी-७०३ : नाही काकू, ते तसे होत नाही. शाम्पूचा फेस पाण्याने धुऊन काढण्यासाठीच बनवलेला असतो. तो न धुता सुकू दिला तर डाग राहतात. रिन्सलेस वॉशच्या द्रवात पॉलिमर असतात. ते धुळीच्या कणाभोवती बुळबुळीत आवरण करतात, त्यामुळे कण रंगापासून सुटतो, फडक्याच्या तंतूंत अडकतो आणि रंगावर ओढला न जाता वर उचलला जातो. पाण्याचा जोर धूळ वाहून नेतो, येथे ते काम फडके करते. म्हणून सगळी मदार फडक्यांवर आणि हातावर आहे. नेहमीच्या द्रवांपैकी काहींचे प्रमाण १ ला २५६ असे असते, म्हणजे ४ लिटर पाण्यात साधारण १५ मिलिलिटर, चहाचे तीन चमचे. आपल्या बाटलीवर दुसरे प्रमाण छापले असेल, तर तेच पाळावे. जास्त ओतल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, उलट काचेवर ओघळ राहतात. भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर मात्र कधीही वापरू नये, कारण त्याने रंगावरचे मेण निघून जाते.

सी-१०१ : आमच्या स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी आम्ही साठवतो. ते यासाठी चालेल का? पाणीही वाचेल.

बी-७०३ : फरशी पुसायला किंवा संडासात टाकायला ते उत्तम आहे, पण गाडीला वापरू नका. आरओ यंत्र पाण्यातले क्षार वेगळे काढून याच पाण्यात सोडते, म्हणजे बोअरच्या मूळ पाण्यापेक्षा यात क्षार जास्त असतात. ते बॉनेटवर वाळले की पांढरे ठिपके उमटतात, आणि उन्हात तापल्यावर ते पुसून निघत नाहीत. ४ लिटरच पाणी लागणार आहे. ते पिण्याच्या पिंपातले घेतले तरी १५० लिटरांपुढे काहीच नाही.

ए-२०४ : दादा, आता कृती पायरीपायरीने सांगा. मी आणि माझा मुलगा उद्याच करून पाहणार आहोत.

बी-७०३ : सांगतो. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल अशा वेळी घ्या. आपल्याकडे सकाळी साडेसातपूर्वीची वेळ उत्तम. अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याचे बक्कल आधी काढून ठेवा, कारण मडगार्डवर ओणवे होताना बक्कल घासते आणि ते नंतर लक्षात येते. मायक्रोफायबरचे आठ ते दहा टॉवेल घ्या आणि त्यांची शिवलेली लेबले कात्रीने कापून टाका. हे सगळे टॉवेल बादलीतल्या द्रवात भिजू द्या. त्याच द्रवाने स्प्रेची एक बाटली भरून ठेवा. प्रथम एका भागावर, समजा टपाच्या डाव्या अर्ध्यावर, बाटलीने भरपूर फवारा मारा आणि मिनिटभर थांबा. हे मिनिट कोणी वाचवू नये. धूळ भिजून सुटते ती याच वेळात. मग एक टॉवेल हलका पिळून, म्हणजे पाणी गळत नाही पण टॉवेल जड लागतो इतपत ठेवून, चौपदरी घडी घाला. या घडीला दोन्ही अंगांच्या मिळून आठ बाजू मिळतात. टॉवेलवर तळहात नुसता टेकवा, दाबू नका, आणि पुढून मागे एकाच सरळ रेषेत ओढा. एका ओढीनंतर किंवा फार तर दोन ओढींनंतर बाजू बदला. आठही बाजू मळल्या की तो टॉवेल बाजूच्या रिकाम्या बादलीत टाका. तो पुन्हा स्वच्छ द्रवात बुडवू नका, हाच या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. पुसलेला भाग वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या, जाडसर टॉवेलने टिपून घ्या. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि मग दारांचा खालचा भाग, असे वरून खाली या. खालच्या बंपरवर आणि दाराखालच्या पट्टीवर सर्वांत जास्त खडी असते, म्हणून ते शेवटी. चाकांचे फडके आणि बादली कायमचीच वेगळी ठेवा, कारण ब्रेकमधून झिजलेले लोखंडाचे कण तेथे असतात.

बी-३०२ : टॉवेल हातातून जमिनीवर पडला तर झटकून वापरला चालेल का?

बी-७०३ : चालणार नाही. तो सरळ मळक्या बादलीत टाकावा. पडलेल्या टॉवेलला चिकटलेला एक खडा एका ओढीत दारभर रेघ काढतो.

डी-५०२ : माझा अनुभव येथे सांगणे गरजेचे वाटते. गेल्या जुलैमध्ये आम्ही वरंध घाटातून आलो तेव्हा दारांवर चिखलाचा थर वाळून पोपडे धरले होते. मी व्हिडिओ पाहून मोठ्या उत्साहाने असाच द्रव आणला, फवारा मारला आणि पुसले. टॉवेल पहिल्याच ओढीत तपकिरी झाला आणि मला हाताखाली करकर जाणवली, तरीही मी थांबलो नाही. वाळल्यावर उजव्या दोन्ही दारांवर हातभर लांबीच्या रेघा होत्या. पॉलिश करणाऱ्याने त्यातल्या बहुतेक घालवल्या, पण दाराच्या कडीखालच्या दोन खोल रेघा आजही नखाला लागतात.

बी-७०३ : हे आपण लिहिले ते फार बरे झाले. ही पद्धत धुळीसाठी आहे, चिखलासाठी नाही. गाडीवर बोट न ओढता, फक्त जवळून पाहून रंग दिसत असेल तर ही पद्धत वापरावी. मातीचा थर दिसत असेल तर आधी धुण्याच्या केंद्रावर जाऊन पाण्याच्या जोराने तो उतरवावा आणि मगच हात लावावा. हाताखाली करकर जाणवली की त्या क्षणी थांबायचे, फवारा मारायचा, वाट पाहायची आणि नवा टॉवेल घ्यायचा. आणखी एक. धुळीने भरलेल्या गाडीवर कापडी कव्हर घालणारे आपल्याकडे चार-पाच जण आहेत. वाऱ्याने ते कव्हर दिवसभर हलते आणि खालची धूळ रंगावर घासत राहते. कव्हर घालायचे असेल तर धुतलेल्या गाडीवरच घालावे.

बी-३०२ : आमची गाडी पिंपळाखाली उभी असते. पक्ष्यांची विष्ठा रोजच असते आणि ती वाळून दगड होते.

बी-७०३ : ती खरवडू नका. त्यात युरिक आम्ल असते आणि ते उन्हात तापले की क्लिअर कोटमध्ये खड्डा करते, म्हणून रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी काढावी. द्रवात भिजवलेला टॉवेल त्यावर पाच-दहा मिनिटे नुसता ठेवा, मग घासण्याऐवजी चिमटीत धरून वर उचला. राहिले तर पुन्हा ठेवा. गाडीत एक छोटी फवाऱ्याची बाटली आणि दोन टॉवेल असले की पिंपळाखाली उभे राहणेही निभावते.

ए-६०५ : मला यात एका माणसाचा विचार राहून गेल्यासारखा वाटतो. आपल्या सोसायटीत पहाटे साडेपाच ते आठ या वेळात गाड्या पुसण्यासाठी ठेवलेले दादा २५ गाड्या पुसतात. म्हणजे एका गाडीला सहा मिनिटे मिळतात, आणि एक बादली, एक फडके. चरे तेथून पडतात हे मी समजू शकतो, पण दोष त्यांच्या पदरात पडू नये आणि त्यांची कमाईही जाऊ नये.

बी-७०३ : काका, आपण अगदी महत्त्वाचा मुद्दा मांडलात. सहा मिनिटांत आणि एका फडक्यात कोणालाही यापेक्षा चांगले करता येणार नाही. ती सोय आपण दिलेली नाही. रोज पुसून घेण्याची सवय आपली आहे, आणि माझ्या मते गाडीला सर्वांत जास्त इजा त्या सवयीनेच होते. धूळ नुसती बसून राहिली तर रंगावर चरे पाडत नाही, ती घासली गेली की पाडते. माझी सूचना अशी आहे की त्यांनी रोज अर्ध्याच गाड्या घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक गाडीला एक दिवसाआड बारा मिनिटे मिळतील, आणि पगारात एक रुपयाही कमी करू नये. प्रत्येक घराने आपले सहा टॉवेल फ्लॅटचा क्रमांक लिहून द्यावेत आणि ते धुण्याची जबाबदारीही घरानेच घ्यावी. द्रवाची मोठी कॅन सोसायटीने एकत्र आणली तर सर्वांनाच स्वस्त पडेल.

सी-१०१ : टॉवेल वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर चालतील ना?

बी-७०३ : चालतील, पण सुती कपड्यांबरोबर नको, कारण सुती तंतू त्यांच्यात अडकून बसतात. आधी बादलीत खळबळून वाळू काढा, मग द्रवरूप डिटर्जंट वापरा आणि कपडे मऊ करणारे द्रव मुळीच घालू नका. त्याने तंतूंवर थर चढतो आणि टॉवेल धूळ धरेनासा होतो. सावलीत वाळवा. कडक झालेला टॉवेल चाकांसाठी ठेवा.

सचिव : एक दिवसाआडची सूचना मी उद्याच्या समितीच्या बैठकीत मांडतो. दादांशी आज सकाळी बोललो. त्यांचे म्हणणे असे की वेळ मिळणार असेल तर त्यांना शिकायला आवडेल, आणि बादलीत हात घालून घालून हिवाळ्यात बोटे फुटतात, त्यामुळे सोबत रबरी हातमोजे द्यावेत. तेही खरेदीच्या यादीत घेतले आहेत. बी-७०३ यांनी रविवारी सकाळी सात वाजता बी इमारतीच्या जिन्याजवळ प्रात्यक्षिक दाखवावे, ही विनंती.

ए-२०४ : आज मुलाने आणि मी करून पाहिले. पहिल्यांदाच असल्यामुळे पाऊण तास लागला, नऊ टॉवेल लागले आणि पाणी ५ लिटरांच्या आत राहिले. जुने चरे अर्थातच तसेच आहेत, पण मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले तर नवा एकही सापडला नाही. मळके टॉवेल ज्या बादलीत टाकले होते ती मुलाने हळूच तिरकी केली. तळाशी बोटाच्या पेराएवढी काळपट वाळू बसली होती, आणि ती चिमटीत घेऊन चोळली तेव्हा नखाला टोचत होती. रविवारी आम्ही दोघेही येतो. तो म्हणतो आहे की दादांना फवाऱ्याची बाटली भरून देण्याचे काम त्याचे.