आयएसओ डीव्हीडीवर टाकली, तरी मशीन विंडोजच उघडतंय

कारंजावरची झेरॉक्सवाली:
पंचवटी कारंजाजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. रामकुंडावर विधीला आलेली माणसं आधार, मृत्यूचा दाखला घेऊन घाईघाईत येतात. तेव्हा नेमकं मशीन अडलं की माझी पंचाईत. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७. पीडीएफ उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येतं. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. मी म्हटलं, बघू.

भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकायला सांगितली, जुन्या मशीनला झेपणारी हलकी, एक्सएफसीईवाली. पेनड्राइव्हवरून मशीन काही केल्या उठेना, म्हणून डीव्हीडी. कोऱ्या डीव्हीडीसाठी महात्मा गांधी रोडवर चार दुकानं पालथी घातली. तिघं हसले. चौथ्याकडे वरच्या फळीवर धूळ खात पडलेल्या तीन मिळाल्या.

जवळपास तीन जीबीची फाइल रात्रभर मोबाइलच्या नेटवर उतरवली. डीव्हीडी घातली, फाइल ओढून तिच्यात टाकली, बर्न म्हटलं. सगळं झालं, ट्रे बाहेर आला. रिस्टार्ट केलं तर विंडोज ७ हजर, जसं काही घडलंच नाही. डिस्क खराब असेल म्हणून दुसरी केली. तेच! आता एकच उरलीये. चुकतंय कुठे?

ओझरचा फिटर:
ताई, डिस्क माय कॉम्प्युटरमधून उघडा. आत एकच फाइल दिसते की बरेच फोल्डर?

कारंजावरची झेरॉक्सवाली:
एकच. नावाच्या शेवटी आयएसओ.

ओझरचा फिटर:
मग डिस्कचा दोष नाही. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा ठसा, सेक्टरला सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा). सीडी-डीव्हीडीवरून बूट करायची, म्हणजे मशीन सुरू करायची रीत १९९५ मध्ये ठरली, तिला एल टोरिटो म्हणतात. त्या रीतीने बायोस (मशीन चालू होताच पहिला जागा होणारा प्रोग्रॅम) थेट डिस्कच्या १७ नंबरच्या सेक्टरवर जाऊन बघतो, बूटची माहिती कुठे ठेवलीये ते. तुम्ही फाइल ओढून टाकलीत, म्हणजे ती माहिती फाइलच्या पोटात राहिली. बायोस काही फाइल उघडून वाचत बसत नाही. १७ वर काही सापडलं नाही, गेला हार्ड डिस्ककडे.

विंडोज ७ मध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. आयएसओवर राइट क्लिक, 'बर्न डिस्क इमेज'. खाली 'व्हेरिफाय'ची चौकट असते, तिच्यावर टिक करा, वेळ लागला तरी चालेल. विनरारसारखं झिप फाइली उघडणारं काही टाकलेलं असेल तर तो पर्याय गायब असतो. तेव्हा 'ओपन विथ'मधून 'विंडोज डिस्क इमेज बर्नर' निवडा. ओढून टाकायचं मात्र नाही.

कारंजावरची झेरॉक्सवाली:
अगं बाई! म्हणजे गिऱ्हाइकाने झेरॉक्स मागितली आणि मी त्याचाच कागद पाकिटात घालून परत दिला. तेही दोनदा.

जुना सिडकोकर:
फिटरदादांनी बरोबर सांगितलंय, पण एकच डिस्क उरलीये तर घाई करू नका. रात्रभर मोबाइलवर उतरवलेली फाइल धड आली आहे का ते आधी बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड, मग वजा चिन्ह लावून 'हॅशफाइल', फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६. पडद्यावर ६४ अक्षरांची ओळ येईल, ती मिंटच्या साइटवरच्या ओळीशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल परत उतरवा.

डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोज तेच ४.३७ दाखवतं. घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. तुमची फाइल आरामात बसेल.

(आमच्या वेळी उबुंटूवाले पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, २०११ पर्यंत. पाकीट आलं की आख्खी गल्ली बघायला यायची.)

आता मुद्द्याचं. मराठी टायपिंग कशात करता?

कारंजावरची झेरॉक्सवाली:
श्री-लिपीत, डोंगल (नेटचं नाही, त्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) लावून. बारा वर्षांचे करारनामे, प्रतिज्ञापत्रं त्यातच आहेत.

जुना सिडकोकर:
मग थांबा. ते विंडोजचं सॉफ्टवेअर, मिंटवर चालेल या भरवशावर राहू नका. आणि जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर फॉन्टशिवाय नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. डीव्हीडीवरून बूट झालं की मिंट इन्स्टॉल न करताच चालतं. आधी तसंच वापरून बघा. 'इरेज डिस्क'ला हात लावू नका, मिंट विंडोजच्या शेजारी टाकता येतं. आणि त्याआधी करारनाम्यांची कॉपी बाहेर काढून ठेवा, हे पहिलं.

ओझरचा फिटर:
मशीनचा मदरबोर्ड कुठला आहे? इंटेलचा असेल तर चालू होताना एफ१० दाबत राहा, गिगाबाइटला एफ१२, असुसला एफ८. बूटचा मेनू येईल, त्यात डीव्हीडी निवडा.

कारंजावरची झेरॉक्सवाली:
झालं! अक्षरं जुळली. शेवटची चार तर बोट ठेवून मोठ्याने वाचली, समोरचं गिऱ्हाईक बघत राहिलं. विनरारनेच पर्याय खाल्ला होता, 'ओपन विथ'मधून सापडला. व्हेरिफाय धरून अर्धा तास गेला. डिस्क उघडली तर आत फोल्डरच फोल्डर. एफ१० दाबलं, ड्राइव्ह घरघरला, बराच वेळ काळा पडदा, मग हिरवा लोगो. डीव्हीडीवरून हळू चालतंय, पण प्रिंटर ओळखला आणि पीडीएफ उघडली. डोंगलचं सिडकोकरदादा म्हणाले तसंच, काही उपयोग नाही. करारनामे भाच्याच्या हार्ड डिस्कवर काढतेय. मग रविवारी शेजारी शेजारी टाकेन. टायपिंग विंडोजवर, नेट बंद ठेवून. बाकीचं मिंटवर.

आणि त्या दोन वाया गेलेल्या डिस्क पुन्हा राइट होतात का?

ओझरचा फिटर:
डीव्हीडी-आर असेल तर नाही, आरडब्ल्यू असती तर झाल्या असत्या.

दिंडोरीचा बागायतदार:
फेकू नका ताई, मला द्या. द्राक्षात पाखरं हाकायला दोऱ्याने टांगतो आम्ही, उन्हात मस्त चमकतात.