रुपयाचा भाव सांभाळणे हे पतधोरणाचे काम आहे का?

जमाखर्च (चर्चेची मांडणी; मथळ्यांतील नावे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली आणि रिझर्व्ह बँक हातावर हात ठेवून का बसली आहे, असा सूर सगळीकडून उमटू लागला. माझे मत नेमके याच्या उलट आहे. कायद्याने २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर किरकोळ महागाई ४ टक्क्यांवर, फार तर २ टक्के वर किंवा खाली, राखण्याची जबाबदारी टाकली आहे आणि त्यासाठी सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो व्याजदर, ठरवते. रुपया अमुक भावावर ठेवावा असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि ते योग्यच आहे.

भाव सांभाळण्याची किंमत कुठे मोजावी लागते हे समजण्यासाठी २०२४-२५ चा हिवाळा पाहावा. रिझर्व्ह बँक बाजारात डॉलर विकते तेव्हा त्याच्या मोबदल्यात ती रुपये घेते, आणि ते रुपये बँकांच्या खात्यांतून नाहीसे होतात. त्या महिन्यांत डॉलरची विक्री इतकी झाली की जानेवारीच्या अखेरीस बँकांकडील रोखीची तूट तीन लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. ती भरून काढण्यासाठी डिसेंबरमध्येच रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींपैकी बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा, साडेचार टक्क्यांवरून चारवर आणले गेले होते. पुढे ३१ जानेवारीला पाच अब्ज डॉलरची अदलाबदल, म्हणजे आज डॉलर घेऊन रुपये द्यायचे आणि सहा महिन्यांनी उलट व्यवहार करायचा, असा लिलाव झाला, आणि फेब्रुवारीत तसाच दहा अब्जांचा, तीन वर्षांच्या मुदतीचा. थोडक्यात, एका हाताने काढलेले पैसे दुसऱ्या हाताने परत द्यावे लागले. समितीने रेपो दरात पहिली कपात केली ती ७ फेब्रुवारीला. पण त्याआधीचे कित्येक आठवडे समितीने न ठरवलेली पैशाची टंचाई कर्जबाजाराने सोसली. व्याजाचा निर्णय ज्यांच्याकडे सोपवला आहे त्यांना बगल देऊन रुपयाच्या भावाने तो घ्यावा, याला माझा आक्षेप आहे.

रोखेबाजार

आपण सांगितलेली यंत्रणा बरोबर आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. रोखीची तूट भरून काढण्याची साधने रिझर्व्ह बँकेकडे होती आणि ती तिने वापरली. थोडा उशीर झाला म्हणून हस्तक्षेपच नको, असे म्हणता येणार नाही.

२०१३ आठवावे. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बर्नान्की यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले आणि त्या महिन्याच्या सुरुवातीला ५४ च्या घरात असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला. त्या चार महिन्यांत भारतात असे काय बदलले होते की रुपयाची किंमत पाचव्या हिश्शाने कमी व्हावी? बाजार स्वतःहून योग्य भाव शोधतो हे मी मानतो, पण घबराटीत तो तसा शोधत नाही. त्याच दिवशी सरकारी तेल कंपन्यांना थेट डॉलर देणारी स्वतंत्र खिडकी उघडली गेली, म्हणजे बाजारातील सर्वांत मोठा गिऱ्हाईक बाजूला झाला. पुढे रघुराम राजन गव्हर्नर म्हणून आल्यावर अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जे यांवरील सवलतीच्या अदलाबदलीतून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले आणि रुपया सावरला. हे सगळे रेपो दराला हात न लावता करता येण्यासारखे होते. परकीय चलनाची गंगाजळी हाती असताना ती वापरायची नाही, तर ती साठवायची कशासाठी?

द्राक्षबाग

मी नाशिक जिल्ह्यातून युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्यांपैकी आहे. रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी, हे वाक्य दर वर्षी वाचावे लागते, म्हणून लिहितो. आमचा माल मुख्यतः नेदरलँड्स आणि ब्रिटनला जातो आणि पैसे येतात ते युरो-पाउंडांत. २०२२ मध्ये डॉलर ७४ वरून ८३ च्या दिशेने निघाला होता, पण त्याच काळात युरोच डॉलरच्या बरोबरीला येऊन ठेपला, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला ८४ च्या आसपास असलेला युरो जुलैत ८० च्या जवळ होता. म्हणजे बातमीत रुपया घसरलेला, आणि आमच्या पट्टीवर तो वधारलेला. खर्चाची बाजू मात्र डॉलरचीच: जहाजाचे भाडे डॉलरमध्ये, आणि बागेला लागणारे पोटॅश तर देशात पिकतच नाही, सगळे बाहेरून येते. मला भाव वर हवा की खाली, याहून हंगाम सुरू होताना धरलेला हिशेब हंगाम संपेपर्यंत टिकावा, हे महत्त्वाचे वाटते. म्हणून माझे मत रोखेबाजार यांच्या बाजूचे आहे.

जमाखर्च

द्राक्षबाग यांनी युरोचे जे दाखवले ते मोलाचे आहे, पण त्यातून माझाच मुद्दा पुढे सरकतो असे मला वाटते. रिझर्व्ह बँक डॉलरचा भाव धरून ठेवते. युरोचा भाव त्याने स्थिर होत नाही. २०२४ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर डॉलर ८३ आणि ८४ च्या दरम्यान जवळजवळ खिळून होता. या काळात आपली महागाई व्यापारी देशांपेक्षा जास्त राहिल्याने रुपया प्रत्यक्षात महाग होत गेला. रिझर्व्ह बँकेचाच चाळीस चलनांचा वास्तविक प्रभावी विनिमय दराचा निर्देशांक, जो महागाईतील फरक धरून रुपयाची इतर चलनांशी तुलना करतो, नोव्हेंबरमध्ये १०८ च्या आसपास पोहोचला. साठलेली दुरुस्ती मग एकदम झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८८ ला भिडला. नऊ महिन्यांत रुपया-दीड रुपयाने सरकला असता तर ज्याला झळ लागली नसती, त्याला ती दोन-तीन महिन्यांत लागली.

शिवाय भाव हलत नाही असे दिसले की माणसे वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, संरक्षण घेणे सोडून देतात. थायलंडने बाहट डॉलरला पंचविसाच्या आसपास बांधून ठेवला होता, म्हणून तिथल्या कंपन्यांनी निर्धास्तपणे डॉलरमध्ये कर्जे काढली. २ जुलै १९९७ ला दोर सुटला आणि सहा महिन्यांत डॉलर पन्नास बाहटच्या पलीकडे गेला. भारत म्हणजे थायलंड नव्हे, हे मलाही कळते. पण स्थैर्याची हमी लोकांना बेसावध करते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

२०१३ बद्दल एकच. रुपयासाठी त्या १५ जुलैला बँकांना तातडीने पैसे देण्याचा दर दोन टक्क्यांनी वाढवून १०.२५ वर नेला गेला. रेपोला तेव्हा हात लागला नाही हे खरे, पण व्याज महाग व्हायचे ते झालेच. आणि रुपया घसरत होता तो केवळ घबराटीने नव्हे: आधीच्या वर्षीची चालू खात्यावरील तूट, म्हणजे परदेशी व्यापार-व्यवहारांत आवकेपेक्षा जास्त झालेली जावक, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के होती, आणि किरकोळ महागाई साडेनऊच्या आसपास असताना रेपो दर मात्र ७.२५ होता.

पालक_पुणे

तत्त्वाची चर्चा वाचली, पण मुलाच्या परदेशी विद्यापीठाचे शुल्क भरणाऱ्याला आणि घरात गोडेतेल आणणाऱ्याला रुपयाची घसरण म्हणजे महागाईच असते. खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक आणि कच्च्या तेलाचा बहुतांश पुरवठा आयातीचा आहे. मग महागाई रोखणे हेच जर बँकेचे काम असेल, तर रुपया सांभाळणे त्यात आपोआप येत नाही का? सिंगापूरची मध्यवर्ती बँक १९८१ पासून व्याजदर नव्हे, तर चलनाचा भावच धोरणाचे साधन म्हणून वापरते, आणि तिथली महागाई सहसा आपल्यापेक्षा कमी असते.

जमाखर्च

प्रश्न रास्त आहे. सिंगापूरचा परदेशी व्यापार त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिप्पट आहे, त्यामुळे तिथे चलनाचा भाव म्हणजेच बहुतेक वस्तूंचा भाव. आपला व्यापार उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी आहे. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालातील अंदाजाप्रमाणे रुपया ५ टक्क्यांनी घसरला तर महागाई सुमारे एक तृतीयांश टक्क्याने वाढते. तेवढा परिणाम समितीने आपल्या हिशेबात धरावा आणि गरज असेल तर रेपो वाढवावा. त्यासाठी वेगळा भाव राखायला नको. मुलाच्या शुल्काचा भार खरा आहे, पण तो हलका करण्यासाठी इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने जास्त व्याज भरावे, हे मला पटत नाही.

रोखेबाजार

देशाबाहेर भांडवलाची ये-जा बऱ्यापैकी मोकळी ठेवायची, व्याजदर स्वतः ठरवायचे आणि विनिमय दरही स्थिर ठेवायचा, हे तिन्ही एकदम जमत नाही हे अर्थशास्त्रज्ञ मंडेल आणि फ्लेमिंग यांच्या मांडणीपासून ठाऊक आहे. पण भारताने तिन्हींतले थोडे थोडे घेतले आहे, आणि मोठी गंगाजळी ही त्या मधल्या वाटेची किंमत आहे. २०२४ मध्ये भाव गरजेपेक्षा घट्ट धरला गेला, इतके मी मान्य करतो. फेब्रुवारी २०२५ अखेर पुढे द्यावयाच्या डॉलरचे वायद्यातील ओझे ८८ अब्जांच्या आसपास गेले होते, तेही मला जास्त वाटते. तरी घबराटीच्या दिवशी बाजारात उतरण्याचा अधिकार बँकेकडे राहिलाच पाहिजे, आणि तो वापरण्याआधी तिने समितीची परवानगी मागावी, हे मला मान्य नाही.

जमाखर्च

परवानगी मी मागत नाही. खरेदी-विक्रीचे आकडे सध्या सुमारे दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत येतात. समिती दर ठरवायला बसते तेव्हा तोवर विकलेले डॉलर, त्यामुळे बाजारातून गेलेले रुपये आणि वायद्यातील देणे, हे तिन्ही आकडे तिच्यासमोर ठेवले जावेत आणि बैठकीच्या इतिवृत्तात छापले जावेत, एवढीच माझी मागणी आहे.