सल्ला हवा: बुब्बी मॉर्थेन्स कुठून ऐकायला घ्यावा?

खारंवारं:
ब्योर्क आणि सिगुर रोस ऐकून झालं. आता आइसलँडमध्ये घरोघरी ऐकला जाणारा रॉक गायक-गीतकार हवाय. सगळे बुब्बीचं नाव घेतात, पण अल्बमची यादी बघूनच दडपायला होतं. भाषा येत नाही. सुरुवात कुठून करू?

जुनी_कॅसेट:
१९८० पासून. त्या एका वर्षात दोन अल्बम आले. ‘ईसब्यार्नारब्लूस’ (हिमअस्वलाचा ब्लूस) त्याचा एकट्याचा, ‘गेइस्लाविरकिर’ (किरणोत्सारी) ‘ऊतानगार्थ्समेन’ या बँडचा. पहिल्याच्या नावातला ‘हिमअस्वल’ म्हणजे प्राणी नव्हे, रेक्याविकमधला त्या नावाचा मासळी गोठवण्याचा कारखाना. बुब्बीने स्वतः मासळीच्या कारखान्यांत काम केलेलं, त्यामुळे शब्दांत हंगामी मजूर आणि त्यांच्या राहायच्या खोल्या येतात. या प्रकाराला तिकडे ‘गुआनो रॉक’ नाव पडलं. दुसरा अल्बम जास्त आडदांड, पंककडे झुकणारा. त्यातलं ‘हिरोशिमा’ आधी लावा.

बँडच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘कुंपणाबाहेरचे’. ‘गावकुसाबाहेरचे’ म्हणायचा मोह होतो, पण आपल्याकडची जातीची छटा त्यात नाही.

अनुस्वार:
भाषा येत नसेल तर मी १९८५ चा ‘कोना’ आधी देईन. कोना म्हणजे बाई, आणि बायकोही. नातं तुटल्याची गाणी आहेत, सूर मवाळ, आवाज पुढे. शब्द कळले नाहीत तरी पोचतात. ‘ईसब्यार्नारब्लूस’मध्ये शब्दच निसटले तर अर्धी मजा गेली.

जुनी_कॅसेट:
मान्य. पण फक्त ‘कोना’ ऐकणाऱ्याला बुब्बी म्हणजे गिटारवाला हळवा माणूस वाटतो. लगोलग १९८६ चा ‘फ्रेल्सी तिल सोलू’ लावा. नावाचा अर्थ ‘स्वातंत्र्य विकणे आहे’. तिथे पुन्हा पूर्ण वाद्यमेळ आहे.

तळटीप:
शोधताना हमखास होणारी चूक: बुब्बीच्या नावाचं पान उघडायचं आणि सगळं इथेच असेल असं धरायचं. बँडचे अल्बम बँडच्या नावाखाली असतात. ऊतानगार्थ्समेन (१९८०-८१), मग एगो, १९८४ मध्ये दास कापिताल, १९९१ मध्ये रूनार यूलिउसनबरोबरचा जीसीडी, हे सगळे वेगवेगळे शोधा. ‘एगो’ नावाचे बँड जगभर आहेत, म्हणून सोबत १९८२ चा ‘ब्रेइत्तिर तीमार’ (बदललेले दिवस) हा अल्बम टाका. निवडक गाण्यांचे संग्रह सुरुवातीला नकोत. त्यात सगळे बँड एकत्र कालवलेले असतात, त्यामुळे आवाज मध्येच का बदलला ते कळत नाही.

मॉर्थेन्स नावाचा आणखी एक गायक सापडेल, हाउकुर. तो बुब्बीचा काका, त्याच्या आधीच्या पिढीतला लोकप्रिय गायक. रॉक नाही, पण ऐकायला हरकत नाही.

खारंवारं:
धन्यवाद! गाण्यांचे शब्द मशीनने भाषांतरित केले तर भलतंच येतंय. काही उपाय?

अनुस्वार:
पूर्ण ओळ टाकू नका, शब्द सुटा करा. आइसलँडिक नामं आपल्या सामान्यरूपासारखी बदलतात. घोडा-घोड्याचा, तसं ब्योर्न (अस्वल)-ब्यार्नार (अस्वलाचा). म्हणून गाण्यात दिसलेलं रूप शब्दकोशात जसंच्या तसं मिळत नाही. आउर्नी माग्नुसन संस्थेचा ‘बीन’ हा रूपकोश फुकट आहे. त्यात गाण्यातलं रूप टाका, मूळ शब्द मिळेल, मग तो शब्दकोशात पाहा. स्वरांवरच्या रेघा गाळू नका, रेघेने वेगळाच शब्द होतो. उच्चारात आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

तळटीप:
बघायचं असेल तर फ्रिद्रिक थोर फ्रिद्रिकसनचा ‘रॉक इ रेक्याविक’ (१९८२) हा माहितीपट. बुब्बी त्यात एगोबरोबर आहे. ऊतानगार्थ्समेन शोधत बसू नका, तो बँड आधीच फुटला होता. त्यातल्या पोलॉक बंधूंचा पुढचा बँड ‘बॉडीज’ मात्र दिसेल. आणि ‘तापी तीकाररास’मध्ये गाणारी पोरगी तुम्ही लगेच ओळखाल, ती ब्योर्कच.