एप्रिल-मेच्या उकाड्यातलं बँकॉक : जाऊन आलेल्यांनो, इथे लिहा

मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण बँकॉक नेमकं ऐन उकाड्यात बघतात. ठिकाणांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. किती वाजता, काय घालून, काय खाऊन आणि कुठे चुकतं, एवढंच लिहा.

—

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो. त्याआधी दारात हजर राहा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे हाफ पँट बाद. पण जीन्सही नको. घामाने भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. पातळ, ढगळ सुती पायजमा किंवा सलवार बरी. तिथून वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ; आत 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध) पायी जाण्यासारखं आहे. साडेअकराच्या आत दोन्ही उरका. पुढे चारपर्यंत उन्हात काहीही ठेवू नका. जेवण, झोप, मॉल. चारनंतर था तियेन धक्क्यावरून तरीने नदीपलीकडचं वाट अरुण.

—

वरच्यात भर : पायमोजे. देवळात चप्पल काढावी लागते आणि दहानंतर उघड्यावरची फरशी तव्यासारखी असते.

पॅलेसला टॅक्सीने जाण्यात अर्थ नाही. बीटीएसने (रस्त्यावरून उंचावर धावणारी मेट्रो) सफान ताक्सिन स्टेशन, खाली साथोर्न धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट, उतरायचं ‘था चांग’ धक्क्यावर. सकाळी बोट साधारण उत्तरेकडे जाते, ऊन उजवीकडून येतं. डावीकडे बसा, वाट अरुणही त्याच बाजूला दिसतं. आणि दाराशी कोणी अगत्याने ‘आज पॅलेस बंद आहे’ म्हणालं तर हसून पुढे चालू लागा. बंद नसतो, त्याला तुम्हाला टुकटुकमध्ये (तिकडची रिक्षा) घालून दुकानं फिरवायची असतात.

—

कॅमेरावाल्यांसाठी. रात्रभर एसीत गार पडलेला कॅमेरा बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी काचेवर जमतं. पुसलं तरी पुन्हा येतं, कारण काच अजून गारच असते. उपाय पुसण्यात नाही, गरम होऊ देण्यात आहे. खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा, बाहेर पडल्यावर अर्धा तास उघडू नका. पाणी पिशवीवर जमतं, काचेवर नाही. लेन्स बदलायची ती त्यानंतरच. चष्म्याला मात्र इलाज नाही, दोन मिनिटं थांबायचं.

—

ओआरएस घरूनच न्या. मोठं पाकीट 1 लिटरसाठी असतं. लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओततात, मग खारट लागतं म्हणून पीत नाहीत, आणि तेवढं दाट पिणं बरंही नाही. मुलांची लघवी गडद पिवळी झाली की फिरणं थांबवा, तहानेची वाट बघू नका.

—

शाकाहाऱ्यांनी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात. त्यात मांस-मासे-अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाज्यांवर फिश सॉस पडतो. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे फिश सॉस घालू नका. ऑयस्टर सॉसचं वेगळं सांगावं लागतं.

आंबा-चिकटभात जरूर खा. नाम दोक माय आंब्याला रेषा नाही, हापूसचा वासही नाही, पण नारळाच्या दुधाबरोबर तोच हवा. फक्त हे दूध या हवेत लवकर आंबतं. आधीच ओतून ठेवलेला डबा संध्याकाळी घेऊ नका, समोर ओतणारा गाठा.

—

13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवायचा थाई नववर्षाचा सण. सिलोम आणि खाओ सान या रस्त्यांवर कोरडं राहणं विसरा. पासपोर्ट हॉटेलात ठेवा, फोन गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात. गालाला पांढरा लेप लावतात, तो पाण्याबरोबर डोळ्यात उतरतो, म्हणून साधा गॉगल हवाच.

मेच्या मध्यापासून दुपारनंतर धो-धो पाऊस. तेव्हा टॅक्सीवाले मीटर लावायला नाखूश असतात. सयाम ते चित लोम या स्टेशनांदरम्यान बीटीएसखालच्या पादचारी पुलावरून कोरडं चालता येतं. छत्रीपेक्षा एक जादा सुती शर्ट पिशवीत टाका. घामाने ओल्या कपड्यांनी मॉलच्या एसीत बसलं की तिसऱ्या दिवशी घसा धरलाच म्हणून समजा.